ओव्हरलोड

दुर्वाला रविवारी पाच पूर्ण होणार होती.
शुक्रवारी रात्री ह्यांनी पोफळीची विरी बादलीत भिजत घातली.
मी विचारलं नाही.
जेवणानंतर वीतभर काठी घेऊन
ती पुन्हापुन्हा मोजणाऱ्या माणसाला
काही विचारायचं नसतं.

ओली विरी चामड्यासारखी वळते.
वळवून, टाचून, वर पाटा ठेवला,
सकाळपर्यंत ट्रकचा हौदा तयार.
चाकं माझ्या निळ्या स्लिपरची. डावी झिजलेली,
म्हणून सहाही उजवीतूनच कापली,
आणि मला सांगितलं दुपारी, मी दारात एका पायावर उभी असताना.
आस छत्रीच्या काडीचा.
दिवे म्हणजे खाकी शर्टाची दोन बटणं,
जो शर्ट मी पंधरा वर्षं तीन पाण्यांतून काढला
आणि तरी ज्याची कॉलर लालच राहिली.

हॉर्न हवाच, म्हणाले.
पहाटे पोदेर आला तेव्हा फाटकात गाठून
त्याच्याकडून जुना रबरी फुगा मागून घेतला.
रोझारियो हसला, "पुंडलिकभाऊ, परत गाडीवर?"
"लहान परमिट मिळालंय," हे म्हणाले.
हॉर्न केबिनपेक्षा मोठा झाला.
ट्रक पुढे वाकतो, देवळात शिरताना वाकावं तसा.

माझ्याकडे ताडपत्री आली.
हिरव्या परकराचा तुकडा, कडेने आठ काजं,
काजाला दुहेरी दोरा.
नियमच होता तसा, झाकल्याशिवाय
सुर्ल्याच्या रस्त्यावर माल न्यायचा नाही.
माल झाकलेला असायचा, खिडक्याही आम्ही झाकायचो,
तरी पेजेवर सायीसारखी धूळ धरायची.

नंबर सगळ्यात शेवटी.
चघळलेल्या काडीचा ब्रश, श्वास रोखलेला.
आमचा शेवटचा आकडा सात. ह्यांनी आठ काढला.
"चुकलात."
"नाही. सात ज्याने विकत घेतला त्याचा.
कुठेतरी वाळू ओढत असेल बिचारा."
विकायच्या आधी तो सहा वर्षं काजूखाली उभा होता,
स्टिअरिंगवर गुळवेल चढली होती.
खाण सुरू होईल म्हणून हे दर सोमवारी इंजिन चालू करायचे,
पाच मिनिटं ऐकायचे,
बंद करायचे.

रविवारी फोंड्याहून सगळी आली.
केक आला. मस्कतच्या मामाची रिमोटची गाडी आली,
ती भिंतीला आपटून स्वतःच मागे वळते
आणि माफ करा म्हणते, इंग्रजीत.
दुर्वा तिच्यामागे, जावईसुद्धा तिच्यामागे.
आमचा खुर्चीखाली.
उभं राहायची सवय आहे त्याच्या जातीला.

दुपारी सगळे लवंडले, तेव्हा मला हॉर्न ऐकू आला.
पोदेर? या वेळेला?

पोरसात दुर्वा करवंटीने माती भरत होती.
लाल माती.
आमच्याकडे दुसरी कुठून असणार.
पोरसातून तुळशीपर्यंत एक खेप,
तिथे ओतायची,
मग तीच पुन्हा भरून परत पोरसात.
नव्या फ्रॉकवर दोन्ही हात पुसलेले.
मी ओरडणारच होते.
पायरीवरून ह्यांनी हात आडवा केला.
मला वाटलं मला थांबवतायत.
ते ट्रक थांबवत होते.

"कागद?"
तिने जास्वंदीचं पान दिलं.
ह्यांनी उलटंपालटं करून वाचलं.
"ओव्हरलोड आहे. ताडपत्री नाही. दंड भरावा लागेल."
ती थोडा वेळ विचारात पडली,
मग हौद्यातली मूठभर माती काढून
त्यांच्या तळहातावर ठेवली
आणि हॉर्न वाजवत निघून गेली.

हे तसेच बसून राहिले, हात उघडा ठेवून.
झाडायचा का, त्यांना कळेना.
चहा दिला तो डाव्या हाताने घेतला.

संध्याकाळी निघताना रिमोटची गाडी तिने काखेत घेतली.
"आणि ट्रक गं?"
"तो इथेच. इथे काम आहे ना."

रात्री ताडपत्री धुवायला घेतली.
पहिलं पाणी लाल,
दुसरं लाल.
तिसरं मी घातलं नाही.